सर म्हणतात

आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांचा आवाज गेला तेव्हा कॉलेजात सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि कोणालाही वाईट वाटलं नाही. मलाही नाही. खोटं कशाला बोलू? खोटं मी त्यानंतर सहा आठवडे बोलले. रोज, भर वर्गात, सरांच्या देखत.

मी प्रयोगशाळेत कामाला आहे. बावीस वर्षं झाली. उपकरणं काढायची, पुसायची, दिवे लावून बघायचे, मुलांनी काही फोडलं तर ते सरांच्या नजरेआड करायचं आणि सर काही बोलले तर ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचं, हे माझं काम. यातलं शेवटचं सगळ्यात जड. मुलं सरांना ‘करवत’ म्हणत. तोंडावर नाही, अर्थात. तोंडावर कोणाच्या तोंडातून शब्दच फुटत नसे.

दरवर्षी पहिल्या दिवशी सर चष्म्यावरून वर्गाकडे बघत आणि म्हणत, “यातले अर्धे नापास होणार. कुठले अर्धे, ते मी आठवड्याभरात सांगतो.” आणि खरोखरच सांगत. त्यांच्याकडे तपकिरी पुठ्ठ्याची एक वही होती. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारत आणि त्याच्या नंबरापुढे गोल काढत नाहीतर फुली. गोलवाल्यांच्या टेबलापाशी सर थांबत, समजावून सांगत, कधीकधी चक्क हसत. फुलीवाल्यांच्या टेबलावरून ते असे पुढे जात की तिथे टेबलच नाही. जाता जाता एखादं वाक्य मात्र टाकून जात. “तुला विज्ञानाकडे कोणी पाठवलं? त्याचा पत्ता दे.” हे त्यातलं सगळ्यात सौम्य.

वर्षअखेर निकाल लागला की वही उघडून मला दाखवत. “बघा मावशी. एकही फुली चुकली नाही!”

एकदा माझ्या तोंडून निघून गेलं होतं, “सर, त्या टेबलांकडे वर्षभर फिरकलाच नाहीत, तर चुकेल कशी?” त्या दिवशी सरांनी मला कपाटातले सगळे स्क्रू आकाराप्रमाणे लावायला बसवलं. दोन दिवस लागले. तेव्हापासून मी मनातल्या मनात बोलायला शिकले.

पण यंदा प्रकरण घरापर्यंत आलं होतं. वर्गात सात नंबरच्या टेबलावर मुंगी होती. मुंगी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. भिंतीकडेने चालते आणि हातात घेतलेलं काम सोडत नाही, म्हणून लहानपणापासून मुंगी. प्रॅक्टिकलला ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की कॉलेजातून नाव काढतात. आणि नाव निघालं की मुंगीची रवानगी तिच्या काकांच्या बटणांच्या दुकानात, असं माझ्या बहिणीने जाहीर करून टाकलं होतं. मुंगीचा बटणांवर राग नव्हता. ती एवढंच म्हणायची, “मावशी, बटणाला दोन भोकं असतात किंवा चार. हे कळलं की त्यातलं शिकायचं संपलं.”

या पोरीला प्रकाशाचं वेड. भांडी घासता घासता साबणाचा बुडबुडा हातावर घेऊन त्यात हिरवा रंग कुठून येतो ते तिने मला पाऊण तास समजावलं होतं, आणि मला ते समजलंही होतं. नळ तेवढा वेळ वाहत राहिला, त्यावरून आम्ही दोघींनी बोलणी खाल्ली. तीच पोरगी करवत सर समोर उभे राहिले की पार कामातून जायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला नाव विचारलं तर हिने नंबर सांगितला. तोही शेजारणीचा. फुली!

ती माझी भाची आहे हे कॉलेजात कोणाला माहीत नव्हतं. तिथे मला सगळेच मावशी म्हणतात, प्राचार्यसुद्धा. त्या गर्दीत खरी भाची खपून गेली.

तर परीक्षेला सहा आठवडे उरले असताना सरांचा आवाज गेला. बावीस वर्षं ओरडून घशात गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल. बदली शिक्षक मिळेना. आमच्या प्राचार्यांना अडचण सोडवायला आवडत नाही, पुढे ढकलायला आवडते. त्यांनी ही अडचण माझ्यापर्यंत ढकलली. सर चिठ्ठीवर लिहितील आणि मावशी मोठ्याने वाचतील. मीच का? तर सरांचं अक्षर कॉलेजात दुसऱ्या कोणालाही लागत नाही. झुरळाने शाईत पाय बुडवून शतपावली करावी तसं ते अक्षर आहे. बावीस वर्षं त्यांच्या सामानाच्या याद्या वाचून मला ते लागतं, आणि ते मला एकटीलाच लागतं ही गोष्ट पुढे फार कामाला आली.

पहिल्या दिवशी मी एप्रन घालून फळ्याशेजारी उभी राहिले. सरांनी खिशातून कागद काढला, भराभर लिहिलं आणि तो माझ्या हातात दिला. त्यावर होतं, “माझा आवाज बसला म्हणून माजू नका. तुमची लायकी मला न बोलताही दिसते.”

मी वर बघितलं. तीस चेहरे. सात नंबरला मुंगी, मान खाली, हाताची बोटं एकमेकांत अडकवलेली. आता खरं सांगते, मी काही ठरवून केलं नाही. माझं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “सर म्हणतात, आवाज बसला तरी घाबरू नका. तुमच्यात काय आहे ते मला न बोलताही दिसतं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं, अगदी तिथे तसंच लिहिलंय अशा थाटात. सरांनी डस्टर टेबलावर आपटला.

“सर खूश आहेत,” मी म्हटलं.

एकदा जीभ सुटली की सुटली. सर लिहीत, “गाढवा, तिसऱ्यांदा तेच चुकतोयस.” मी वाचे, “सर म्हणतात, घाई नाही. दिवा तापू दे, मग परत एकदा बघ.” हे दिव्याचं वाक्य माझंच. प्रिझमच्या प्रयोगाला पाऱ्याचा दिवा लागतो. तो लावला की लगेच धड उजेड देत नाही, दहा मिनिटं तापू द्यावा लागतो. आणि चुकून विझला तर गार होईपर्यंत परत लागत नाही, कितीही बटणं दाबा. सर त्या दिव्यासाठी दहा मिनिटं गुपचूप थांबत. मला बावीस वर्षं वाटत आलं होतं की हा माणूस दिव्यासाठी थांबतो, पोरांसाठी का नाही थांबत? तेच मी आता त्यांच्या नावाने बोलत होते. दिवसातून दहादहा वेळा.

सरांनीही डाव बदलून बघितला. ते लहान चिठ्ठ्या लिहू लागले, म्हणजे मला हातचलाखीला जागा मिळू नये. एकदा फक्त लिहिलं, “ठोंब्या.” मी वाचलं, “सर म्हणतात, तुझी कल्पना चांगली आहे, पण आधी दुर्बीण दूरच्या वस्तूवर जुळवून घे, मग प्रिझम ठेव.”

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मावशी, एवढं सगळं त्या एका शब्दात?”

“सर थोडक्यात लिहितात,” मी म्हटलं. “तू जर्नल लिहितोस तसं फापटपसारा नाही घालत.”

मग सरांनी लिहिलं, “हे मी लिहिलेलं नाही. ही बाई खोटं वाचते आहे.” अक्षर नेहमीपेक्षा वाईट. मी ती चिठ्ठी शांतपणे घडी करून एप्रनच्या खिशात टाकली. “सर म्हणतात, पाणी पिऊन या. पाच मिनिटं सुट्टी.”

तिसऱ्या दिवशी सरांनी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. चांगली दोन पानी. मला शिपाई बोलवायला आला तेव्हाच मी ओळखलं की आता नोकरी गेली. मी आत गेले. सर खुर्चीत ताठ बसलेले, चेहऱ्यावर न्याय मिळणार असल्याचं तेज. प्राचार्य कागद उलटा धरून बघत होते, मग आडवा, मग पुन्हा सुलटा.

“मावशी,” ते म्हणाले, “सरांचं काहीतरी महत्त्वाचं आहे असं दिसतंय. जरा वाचता का?”

आणि तक्रार माझ्याच हातात दिली.

सर खुर्चीतून अर्धवट उठले. दोन्ही हात हलवायला लागले, मान हलवायला लागले, माझ्याकडे बोट, कागदाकडे बोट, छताकडे बोट. प्राचार्य चिंतातुर झाले. “सर, घशावर ताण नको. मावशी वाचताहेत ना.”

मी पहिली ओळ वाचली. ‘सदर महिला कर्मचारी अत्यंत उद्धट व बनेल असून.’ तसं काही चूक नव्हतं. मी घसा खाकरला. “सरांची विनंती आहे की प्रयोगशाळेचे पडदे फार जुने झालेत. फटींतून ऊन येतं, रंगांच्या रेघा दिसत नाहीत. जाड काळे पडदे मिळावेत.”

“दोन पानं पडद्यांवर?” प्राचार्य म्हणाले.

“दुसऱ्या पानावर मापं आहेत.”

सर मटकन खाली बसले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. प्राचार्यांना वाटलं, इतकी वर्षं पडद्यांसाठी तळमळलेला माणूस आहे. त्यांना भरून आलं. चार दिवसांत पडदे आले, जाड, काळे, जमिनीपर्यंत. बावीस वर्षं मी अर्ज करत होते तेव्हा नव्हते आले.

पडद्यांमुळे खोलीत असा मस्त अंधार झाला की मुलांना पहिल्यांदाच प्रिझममधून रेघा नीट दिसल्या. जांभळी, हिरवी, पिवळी. “दिसली! मावशी, दिसली!” असं कोणीतरी ओरडलं आणि मग सगळेच ओरडले. सरांनी डस्टर उचलला, पण आपटला नाही. हातात धरून उभे राहिले.

त्याच आठवड्यात सरांची तपकिरी वही हरवली. त्यांनी सगळी कपाटं शोधली, मला तीन चिठ्ठ्या लिहिल्या. मी म्हटलं, दिसली तर सांगते. सात नंबरचं टेबल वर्षानुवर्षं डुगडुगायचं, ते मात्र त्याच आठवड्यात थांबलं. मुंगी म्हणाली, “मावशी, पायाखाली काय ठेवलंस?” मी म्हटलं, जाडसर काहीतरी होतं, टाकून दिलं असतं म्हणून ठेवलं.

आता मुंगीचा प्रयोग सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. प्रिझम ठेवायचं, दुर्बिणीतून रेघ बघायची आणि प्रिझमचं बैठं टेबल अगदी हळू फिरवायचं. रेघ एका बाजूला सरकत जाते, सरकत जाते, एका जागी थबकते आणि मागे फिरते. ती जिथे थबकते तिथला कोन वाचायचा. यात बुद्धीपेक्षा धीर लागतो. पाठीशी कोणीतरी नाक फेंदारून उभं असेल तर हात हिसका देतो आणि रेघ निसटते. मुंगीची दोन वर्षं रेघ निसटत होती.

त्या दिवशी सर फिरत फिरत सात नंबरपाशी आले. सवयीने पुढे जाणार होते. मुंगीने मान वर केली आणि म्हणाली, “सर, थांबली.”

दोन वर्षांत ही पोरगी सरांशी आपणहून बोलली नव्हती. सर थबकले. वाकून दुर्बिणीतून बघितलं. स्क्रू हलवला, परत बघितलं. भिंग घेऊन कोन वाचला, तिच्या वहीतला आकडा बघितला, परत भिंग घेतलं. मग चिठ्ठी लिहिली. “हिला कोणी सांगितलं?”

“सर विचारतात,” मी म्हटलं, “कसं केलंस ते सगळ्यांना सांग.”

मुंगीने सांगितलं. आधी पुटपुटली, मग नीट, मग हात हलवून, आणि शेवटी साबणाच्या बुडबुड्यावर घसरली. वर्ग तिच्या टेबलाभोवती जमला होता. सर मागे स्टुलावर बसले होते, आणि त्यांनी तिला मध्ये एकदाही तोडलं नाही. कसं तोडणार म्हणा! पण ऐकत होते. ऐकताना त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता, चष्मा काढल्यावर माणूस दिसतो तसा.

दुसऱ्या दिवशी मुलांचे आकडे तपासून सरांनी मला एक चिठ्ठी दिली. “बरोबर.” एवढंच. मी पालथी करून बघितली. मागे काही नाही. बदलायला काहीच नव्हतं.

“काय म्हणतात सर?” मुलं विचारू लागली.

“बरोबर म्हणतात.”

“खरं काय म्हणतात ते सांगा ना, मावशी!”

इतके दिवस खोटं सहज पचलं, आणि आता खरं पचेना. शेवटी मी त्या चिठ्ठीत आणखी दोन वाक्यं घातली तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

तीन आठवडे संपले. सर गप्पच. चौथा आठवडा गेला. चिठ्ठ्या येत राहिल्या. त्यात आता शिव्या तुरळक, त्याही सवयीच्या, जोर नसलेल्या. मला वाटलं, घसा फारच बिघडला असणार. पहिल्यांदाच मला त्यांचं थोडं वाईट वाटलं. मी घरून त्यांच्यासाठी कोमट पाण्याची बाटली आणायला लागले.

पाचव्या आठवड्यात मी सामानाच्या खोलीत झाडू घ्यायला गेले तर आतून आवाज आला. खणखणीत, बिनखरखरीचा, करवतीला नवे दात बसवल्यासारखा. “बंद पडायचं होतं तर सकाळी पडायचंस! नालायक! तुला स्टॉपवॉच म्हणून कोणी घेतलं?”

मी दार ढकललं. सर एका हातात घड्याळ घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी दुसरा हात गळ्याला लावला आणि घाईघाईने कागद काढला. “खोकला आला होता.”

“सर,” मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, “मी आठवडाभर कोमट पाणी वाहतेय.”

त्यांनी कागद पालथा केला. मग लिहिलं, सावकाश, नीट अक्षरात. इतकं नीट की कोणालाही वाचता आलं असतं. “मी बोलायला लागलो की ती परत गप्प होतील. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, याचा माझा मलाच भरवसा नाही.”

माझा सगळा राग निवला. स्क्रू लावायला बसवल्याचासुद्धा. मी झाडू घेतला आणि दार ओढून बाहेर आले. ती चिठ्ठी मी कोणालाही वाचून दाखवली नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. चाळिशीतला माणूस, इस्त्रीचे कपडे. ते आमच्या सरांच्या पाया पडायचेच बाकी होते. “सर, मी तुमचा विद्यार्थी! तुमच्यामुळे घडलो!” सरांनी मान हलवली. मग परीक्षक वर्गाकडे वळले, चष्मा नाकावर ओढला, वरून बघितलं आणि म्हणाले, “यातले अर्धे नापास होणार. कुठले अर्धे, ते मी तासाभरात सांगतो.”

शब्द तेच. मधला थांबा तोच. खिशातून त्यांनी एक छोटी वही काढली, आणि पहिल्याच मुलापुढे फुली मारली. आमच्या सरांचा चेहरा पांढराफटक पडला. स्वतःचं घोरणं दुसऱ्याकडून ऐकल्यावर माणूस जसा ओशाळतो, तसे ते भिंतीला टेकले. मी त्या वहीकडे नीट बघून घेतलं. आठ नंबरचं टेबलही डुगडुगतं.

आमची मुलं मात्र बधली नाहीत. चुकत होती, परत करत होती, विचारत होती. फुल्या कमीच पडल्या. मग परीक्षक सात नंबरपाशी आले, त्यांनी नावांची यादी बघितली आणि मोठ्याने म्हणाले, “अरे वा, तिसरी वारी! तुला विज्ञानाकडे कोणी पाठवलं? त्याचा पत्ता दे.”

मुंगीचा हात स्क्रूवरून गळून पडला. मला इथून दिसलं, ती परत सहा आठवड्यांपूर्वीची झाली होती. मान खाली, बोटं बोटांत. परीक्षकांनी विचारलं, “रेघ सापडली का?” ती म्हणाली, “सत्तावीस.” हा तिचा नंबरही नव्हता. परीक्षकांनी पेनचं टोपण काढलं.

मी काही बोलू शकत नव्हते. परीक्षेत आम्हा कामगारांना तोंड उघडायला बंदी असते. मी सरांकडे बघितलं. ते खिसे चाचपत होते. त्यांनी कागद काढला, दोन ओळी खरडल्या, माझ्याकडे सरकवल्या. परीक्षकांनी मध्येच हात घालून तो कागद पकडला.

“सर! परीक्षेत चिठ्ठी? तुम्हीच आम्हाला पकडायचात!” ते कागदाकडे बघू लागले. उलटा, आडवा, सुलटा. “काय लिहिलंय हे?”

“मावशींना विचारा,” मागून कोणीतरी म्हणालं. “त्यांनाच लागतं.”

परीक्षकांनी नाइलाजाने कागद माझ्या हातात दिला. मी वाचलं. “मला चांगलं काही सुचत नाही. मावशी, तुम्हीच नेहमीसारखं काहीतरी बोला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. मुंगी नाही, ती फरशीकडे बघत होती. आणि मला, जिला ‘ठोंब्या’मधून तीन वाक्यं काढता येतात, मला त्या दोन ओळींतून एकही वाक्य काढता येईना. मनात आलं, हे वाक्य आता मी म्हणून उपयोगाचं नाही. सहा आठवडे मी यांचं तोंड झाले. आज तरी यांनी स्वतःचं वापरावं.

मी कागदाची घडी घातली. “सर म्हणतात,” मी म्हटलं, “मी स्वतःच बोलतो.”

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उभ्या उभ्या पुन्हा कपाटातल्या स्क्रूंपाशी जाऊन पोचले. मग ते भिंतीपासून सुटले. सात नंबरपाशी गेले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी तर डोळेच मिटून घेतले होते.

“घाई नाही,” सर म्हणाले. आवाज घोगरा होता, न वापरलेल्या दारासारखा. “दिवा तापू दे. मग परत एकदा बघ.”

मुंगीने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. “हो सर,” म्हणाली आणि दुर्बिणीला डोळा लावला.

“सर, तुमचा आवाज!” परीक्षक म्हणाले.

“आला,” सर म्हणाले. “शू. ती बघतेय.”

मग खोलीत कोणीच बोललं नाही. परीक्षकही नाहीत, आपल्या सरांनी ‘शू’ म्हटल्यावर तो इस्त्रीचा माणूस शाळकरी पोरासारखा उभा राहिला. मुंगीने स्क्रू फिरवला, थांबली, परत फिरवला. “थांबली,” म्हणाली. “आता मागे फिरतेय. सर, ही इथे.” परीक्षकांनी वाकून बघितलं, कोन वाचला, भिंग मागितलं, परत वाचला. त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. नंतर चहाच्या वेळी त्यांची छोटी वही सापडेना, पण ती कुठे गेली हे मला कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर मी देत नाही.

मुंगी पास झाली. बटणांचा प्रश्न मिटला.

संध्याकाळी आम्ही दोघी चालत घरी निघालो. ती भिंतीकडेने न चालता रस्त्याच्या मधोमध चालत होती आणि मला तिला दोनदा बाजूला ओढावं लागलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, “काय गं, सर एकदम बोलले तेव्हा दचकली नाहीस?”

“का दचकू?” मुंगी म्हणाली. “रोज बोलायचे तसेच तर बोलले.”

माझ्या एप्रनच्या खिशात त्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या, गाढव, ठोंब्या आणि बनेल बाईसकट. एक काढून दाखवली असती तर सगळं श्रेय माझं झालं असतं. माझा स्वभाव बघता मोह झालाही.

“हो गं,” मी म्हटलं. “तसेच.”